ते टिळक नव्हेत

महाराष्ट्रात 'टिळक' एवढा शब्द उच्चारला की माणसाच्या डोळ्यांपुढे पगडी, उपरणं, मिशा आणि शेंगांची टरफलं इतक्या गोष्टी ओळीनं उभ्या राहतात. त्या गर्दीत दुसऱ्या कुणा टिळकांना उभं राहायला जागाच उरत नाही. शाळेच्या पुस्तकात 'केवढे हे क्रौर्य' या कवितेपाशी 'रेव्हरंड ना. वा. टिळक' असं स्वच्छ छापलेलं असायचं. तरीही 'रेव्हरंड म्हणजे लोकमान्यचं इंग्रजी' असा खुलासा आमच्या वर्गातल्या एका चुणचुणीत मुलानं केला होता आणि तो सगळ्या वर्गाला पटला होता. मास्तरांनाही तो क्षणभर पटल्यासारखा दिसला. मग त्यांनी घसा साफ करून, "ते टिळक नव्हेत," एवढंच सांगितलं आणि पुढची कविता घेतली. 'ते नव्हेत' तर मग 'हे' कोण, हा प्रश्न त्या तासाला शिल्लकच राहिला.

हे दुसरे टिळक मला परवा पुन्हा आठवले ते एका अमेरिकन बाईमुळे.

आमची पुतणी सुट्टीला आमच्याकडे आली होती. हल्लीच्या मुलांप्रमाणे तिच्याही कानांत कायम ती पांढरी बोंडं असतात. आपण बोलत असताना ती मान डोलावते तेव्हा ती आपल्याला दाद देते आहे की तबल्याला, हे कळायला मार्ग नसतो. "काय ऐकतेस एवढं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काका, कंटेम्पररी ख्रिश्चन सिंगर आहे. ॲमी ग्रँट. नॅशव्हिलची."

"नाशिकची?" मेथी निवडता निवडता आमच्या हिनं मान वर केली. "कुठे राहते? गंगापूर रोडला का?"

"नाशिक नाही गं काकू, नॅशव्हिल. अमेरिकेत."

"असं होय? आपल्याकडे शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक. तिथे कुणाचं कापलं?"

पुतणीनं बोंडं काढून ठेवली आणि आम्हां दोघांचं शिक्षण हाती घेतलं. त्यातून मला समजलं ते असं. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकाच्या शेवटी शेवटी केस वाढवलेली काही हिप्पी पोरं ख्रिस्ताकडे वळली. वळताना त्यांनी केसही ठेवले आणि गिटारीही ठेवल्या. आजोबांच्या वेळची ऑर्गनवरची संथ भजनं त्यांना काही झेपेनात, म्हणून त्यांनी आपल्याच रॉकच्या चालीवर देवाची गाणी बांधली. त्यातूनच हा 'समकालीन ख्रिस्ती संगीत' नावाचा धंदा उभा राहिला आणि त्याची पेठ बसली नॅशव्हिलला. ॲमी ग्रँट त्याच गावात वाढली. १९८२ सालच्या तिच्या 'एज टू एज' या तबकडीनं विक्रीचे विक्रम मोडले. पुढे १९९१ साली 'बेबी बेबी' हे तिचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं आणि भाविक मंडळी खवळली. कारण त्या गाण्यात देवाचं नाव नव्हतं. गाणं सुचलं होतं स्वतःच्या तान्ह्या मुलीवरून. पण भाविक माणूस एकदा खवळला की मूल तान्हं आहे की थोर, हे बघायला थांबत नाही.

"आपल्याकडे असलं काही नाही ना काका?" पुतणीनं विचारलं.

नाही कसं? मी तिला डिस्को डान्सरचं उदाहरण दिलं. १९८२ सालीच मिथुन चक्रवर्ती ज्या गाण्यावर कमरेतून तुटेपर्यंत नाचला, त्या 'आय ॲम अ डिस्को डान्सर'ला आवाज दिला होता विजय बेनेडिक्ट यांनी, आणि पुढे ते सिनेमा सोडून ख्रिस्ती भक्तिगीतांकडे वळले. पण हे उदाहरण फार अलीकडचं झालं. नॅशव्हिलनं दुकान मांडलं त्याच्या सत्तरएक वर्षं आधी, नाशकात वाढलेल्या आणि नाशिकचा जावई झालेल्या एका गृहस्थानं अगदी हाच उद्योग करून ठेवला होता. फरक इतकाच की त्याच्या हातात गिटार नव्हती, टाळ होते.

"कोण?"

"टिळक."

"लोकमान्य?" पुतणी किंचाळली.

"आता तासभर सुटका नाही," असं म्हणून ही मेथी घेऊन आत गेली.

आम्हां नाशिककरांना गाण्याचा अभिमान फार. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला, हे आम्ही पाहुण्याला स्टेशनावरून घरी आणेपर्यंत तीनदा सांगतो. फाळके त्र्यंबकेश्वरचे, कुसुमाग्रज आमचे, चिवडा आमचा. या यादीत नारायण वामन टिळकांचं नाव सहसा कुणी घेत नाही. घेतलंच तर 'लक्ष्मीबाईंचे मिस्टर' म्हणून. आता ते लक्ष्मीबाईंचे मिस्टर होते हे खरंच आहे, आणि 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर त्या पदापुढे बाकीची पदं फिकी पडतात हेही खरं. पण म्हणून माणसाला अगदी वाऱ्यावर सोडू नये.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. म्हणजे पुन्हा चित्पावन, पुन्हा रत्नागिरी, पुन्हा टिळक. आमच्या त्या चुणचुणीत मुलाचा तरी काय दोष? लहानपणी आई गेली. पोरगं कल्याणहून घर सोडून घाट चढून नाशकाला आलं आणि गणेशशास्त्री लेल्यांच्या पायाशी बसून संस्कृत शिकलं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्याला बायको मिळाली. लग्नात वधू अकरा वर्षांची होती. तिचं सासरचं नाव ठेवलं लक्ष्मी. त्यानंतर नोकरी आज इथे, उद्या तिथे, परवा कुठेच नाही, अशा तालात संसार चालला. कविता मात्र सगळीकडे. एकदा आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या. त्यानं बायबलाचा 'नवा करार' हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भविष्य वर्तवलं. आमच्याकडे गाडीत भेटलेला माणूस फार तर पत्ता देतो आणि नाशिकला आलात की या म्हणतो; तोही आपण जाणार नाही या भरवशावर. हे भविष्य मात्र खरं ठरलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

आता मला या माणसाचं जे कौतुक वाटतं ते इथून पुढे. धर्म बदलणारे त्या काळात ते एकटे नव्हते. पण धर्म बदलला की माणसानं नाव बदलायचं, कपडा बदलायचा, जेवण बदलायचं, जमल्यास भाषाही थोडी बदलायची, असा सर्वसाधारण रिवाज होता. टिळकांनी देव बदलला आणि चाल बदलायचं साफ नाकारलं. नाव तर बघा. नारायण म्हणजे विष्णू. वामन म्हणजे विष्णूचाच पाचवा अवतार. टिळक म्हणजे कपाळावरचा टिळा. आणि पत्नी कोण, तर लक्ष्मी! ख्रिस्ती भजनाच्या पुस्तकात पानोपानी कवी म्हणून हे नाव यायचं म्हणजे अर्धं विष्णुसहस्रनाम मागच्या दारानं गिरिजाघरात येऊन बसण्यासारखंच की.

चालीचा मुद्दा मात्र गमतीचा नव्हता. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून चालू होतं. मिशनरी मंडळी कष्टाळू. त्यांनी इंग्रजी भजनं मराठीत आणली. पण आणताना कपडे बदलले आणि बूट तेच ठेवले. इंग्रजी चालीला तिचे ठरलेले झोक असतात. कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा आणि कुठलं खेचायचं हे चाल ठरवते, आणि मराठी शब्दाला ते मान्य नसतं. खोटं वाटत असेल तर 'आज भाजीला मीठ कमी आहे' हे साधं वाक्य इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर म्हणून बघा. 'मी'वर इतका वेळ थांबावं लागतं की मीठ येईपर्यंत भाजी निवते, आणि 'आहे'ला तर तीन गिरक्या घेतल्याशिवाय खाली उतरताच येत नाही. अशा चालीत 'प्रभू दयाळू आहे' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी तक्रार करतो आहे.

याउलट अभंग पाहा. सहा-सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि शेवटी चार अक्षरांचा तुकडा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळलं की तिथे टाळ आपोआप पडतो. हे गणित महाराष्ट्रातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. जात्यावर, नांगरामागे, वारीच्या वाटेवर ते पाच-सातशे वर्षं घोटलेलं आहे. टिळकांनी ख्रिस्ताला त्या गणितात बसवलं. अभंग, ओव्या, पदं, आरत्या, सगळं. 'अभंगांजली' हे त्यांच्या एका संग्रहाचं नावच आहे. कीर्तनाची पद्धत त्यांच्याही आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती मंडळींत आणली होती. टिळकांनी त्या रोपट्याला आपल्या प्रतिभेचं पाणी घातलं आणि स्वतः कीर्तनाला उभे राहिले. आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते मोकळेपणानं सांगत. एवढं बोलायला छाती लागते. पूल ओलांडल्यावर पुलाला नावं ठेवायची, ही आमची नेहमीची पद्धत.

या सगळ्या देवघेवीत मला सर्वांत मजा वाटते ती पेटीची. पेटी, म्हणजे हार्मोनियम, मूळची फ्रान्सची. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिरानं १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. इकडे ती आली गोऱ्या लोकांबरोबर, त्यांच्या प्रार्थनेसाठी. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिचे पाय काढून तिला मांडी घालून बसायला शिकवलं, आणि बघता बघता ती भजनात, कीर्तनात, नाटकात अशी काही मिसळली की आज पेटीशिवाय विठ्ठल ऐकायला येत नाही असं आमच्या भजनी मंडळाचं ठाम मत आहे. आकाशवाणीनं १९४० साली तिला परदेशी म्हणून बाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत उंबरठ्याबाहेर ठेवलं. पण देवळांनी तिला कधीच बाहेर काढलं नाही. म्हणजे हिशेब असा झाला, की साहेबाची पेटी आमच्या देवळात आली आणि आमचा अभंग साहेबाच्या देवळात गेला. दोघांनाही बदली मानवली. तक्रार केली ती फक्त भोवतीच्या लोकांनी.

ही मानवलेली बदली मी एकदा जवळून पाहिली आहे.

शरणपूरच्या बाजूला राहणारे एक निवृत्त मास्तर माझ्या ओळखीचे. शरणपूर रोडवरून आम्ही रोज जातो, पण हे गाव कुणी आणि का वसवलं हे कुणी विचारत नाही. गेल्याच्या गेल्या शतकाच्या मध्यावर मिशनऱ्यांनी ते वसवलं. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जात, त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून शिकवली जात. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत गेला. १८७३ साली डॉ. लिव्हिंग्स्टन तिकडच्या जंगलात वारला तेव्हा त्याच्यासाठी मृतांची प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या विद्यार्थ्यानं, आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्या अंत्यविधीला हजर होता तोही हाच. नाशिकची द्राक्षं विलायतेला जाऊ लागली त्याच्या शंभरएक वर्षं आधीची ही गोष्ट. असो, मी भजनाचं सांगत होतो.

नाताळच्या आठवड्यात मास्तरांकडे भजन होतं आणि त्यांचा पेटीवाला तापानं पडला. मास्तर सरळ आमच्या विठ्ठलमंदिरात आले. भजन नुकतंच संपलं होतं, शिरा चालू होता. "बुवा, आमच्याकडे पेटीला येता का? पेटीवाला आडवा झालाय." मी पेटी बऱ्यापैकी वाजवतो, निदान आमच्या मंडळात मला 'थांबा' म्हणणारं कुणी नाही. माझ्याबरोबर आमचे तबलजीही निघाले. तबलजींचा सिद्धान्त असा, की देव अनेक असतील, ठेका एकच.

मास्तरांच्या घरी पोचेपर्यंत मी जरा धास्तावलो होतो. आपल्याला चाली येतील का? तिथे काळ्या पट्ट्यांवरचं काही इंग्रजी निघालं तर? पण मास्तरांनी डोळे मिटून पहिला अभंग उचलला आणि माझी बोटं माझ्याआधीच निघाली. तीच भैरवीची वळणं, तोच धरलेला शेवटचा चरण, तीच पुनरावृत्ती. घरातल्या बायका पदर घेऊन बसलेल्या, मुलं झांजेसाठी भांडत होती, एक आजोबा बेतालपणे टाळ्या वाजवत होते, आणि त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं. भिंतीवरची तसबीर सोडली तर सगळी आमचीच मंडळी. टिळकांची तीन-चार भजनं झाली. शेवटचं तर असं काही रंगलं की तबलजी स्वतःला विसरले. सम आली, हात वर गेले, आणि त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षांच्या सवयीनं पुंडलिकाचा गजर खणखणीत बाहेर पडला!

घरात एकदम शांतता. तबलजींचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे बघू लागले, मी पेटीच्या भात्याकडे. मग ते बेताल आजोबा म्हणाले, "अहो, थांबलात का? पुरा करा. आमच्या लहानपणी आम्हीपण म्हणायचो." आणि ते इतके मोठ्यानं हसले की मास्तरीणबाईंच्या हातातला करंज्यांचा डबा हिंदकळला.

परत येताना तबलजी बराच वेळ गप्प होते. कॉलेज रोडच्या सिग्नलला म्हणाले, "बुवा, करंजी खुसखुशीत होती." थोड्या वेळानं म्हणाले, "पण तो टिळक चांगला लिहितो हो."

आता, हे इतकं गोड गोड चाललेलं असताना एक गोष्ट सांगितली नाही तर हिशेब खोटा होईल. या अभंगांची किंमत पडली होती, आणि ती सगळ्यांत जास्त मोजली लक्ष्मीबाईंनी. त्यांचं माहेर म्हणजे सोवळ्याची शर्थ. वडील असे, की बाहेरून घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय पुढे सरकायची नाही. त्या घरच्या मुलीच्या कानावर एक दिवस बातमी आली की नवरा ख्रिस्ती झाला. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून संसार मोडला. कुंकू आहे, पण घर नाही. पाच-एक वर्षं त्या नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. त्यांतले काही दिवस तर पंढरपुरात. म्हणजे इकडे टिळक विठ्ठलाच्या चालीत ख्रिस्ताला आळवत होते आणि तिकडे त्यांची बायको खुद्द विठ्ठलाच्या गावात डोळे पुसत होती. असलं काही कादंबरीत घातलं तर संपादक 'योगायोग फार झाला' म्हणून परत पाठवतील.

'स्मृतिचित्रे'त हे सगळं लक्ष्मीबाई सांगतात, पण रडगाणं म्हणून नव्हे. शाळेची पायरी न चढलेली ही बाई अशी काही विनोदाची फोडणी देते की आपण हसता हसता अर्ध्यावर थांबतो आणि मग लक्षात येतं, अरे, हे हसण्यासारखं नव्हतं. मराठीत विनोदी लिहिणाऱ्या आम्हां सगळ्या पुरुषांनी त्या पुस्तकाला दरवर्षी एकदा नमस्कार घालावा आणि पुढचा आठवडाभर काही लिहू नये.

बरं, त्या परत गेल्या त्या नवऱ्याच्या अभंगांनी विरघळून वगैरे नव्हे. सिनेमात तसं दाखवतील. पहाटेची वेळ, लांबून टिळकांचा आवाज, बाई उंबऱ्यात. प्रत्यक्षात त्या आल्या, भांडल्या, आपलं सोवळं आपण वेगळं सांभाळून राहिल्या. मग एक दिवस त्यांनी आपल्या डोक्यानं जातीचा विचार केला आणि त्यांना वाटलं, हे देवानं केलेलं दिसत नाही, माणसानंच केलेलं दिसतंय. त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार झाल्या. बाप्तिस्मा घेतला तो नंतर, १९०० साली, राहुरीला. जिच्या बापानं सगळं जग धुऊन घरात घेतलं, तिनं ते न धुता घेतलं. मला विचाराल तर टिळकांनी चाल सोडली नाही याच्यापेक्षा हा पराक्रम वरचढ.

टिळकांचं तरी सरळ कुठे चाललं होतं? दोन्ही घरचा पाहुणा उपाशी ही म्हण अशाच माणसांसाठी केलेली असते. जुन्या नातलगांना हा बाटगा; आणि ज्या मिशनच्या पगारावर घर चालायचं, त्या पगाराचंच पुढे पुढे त्यांना ओझं वाटू लागलं. ख्रिस्त हवा, पण साहेबाच्या कोटात नको, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की १९१७ साली त्यांनी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेला येई, न घेतलेलाही येई. उतारवयात पगार सोडायचा! आमच्या ऑफिसात साठीला नुसतं 'निवृत्त व्हा' म्हटलं तरी लोक जन्मतारखेचे नवीन दाखले काढतात. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबार सुरू होऊन दोन वर्षंसुद्धा पुरती झाली नव्हती.

'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य त्यांनी लिहायला घेतलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि लिहिणारा गेला. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. थोडंथोडकं नव्हे, चौसष्ट अध्याय! नवऱ्यानं अर्धवट टाकलेली कामं पुरी करणं हा बायकांचा जुनाच व्यवसाय आहे. आमच्या घरातही माळ्यावरची शेल्फं तशीच पुरी झालेली आहेत. पण चौसष्ट अध्याय म्हणजे शेल्फ नव्हे. लक्ष्मीबाई १९३६ साली नाशकात वारल्या. 'ख्रिस्तायन' छापून बाहेर आलं १९३८ साली. दोघांनीही ते पाहिलं नाही.

"मग त्या साहेब लोकांनी काय केलं शेवटी?" एवढं सगळं ऐकून पुतणीनं विचारलं. बोंडं अजून तिच्या हातातच होती. मला हा माझा व्यक्तिगत विजय वाटला.

साहेब लोकांनी केलं ते असं. निकल मॅकनिकल नावाचे स्कॉटिश मिशनरी पुण्यात होते. त्यांनी टिळकांची भजनं इंग्रजीत नेली. त्यांतलं एक तिकडच्या चर्चच्या भजनपुस्तकात जाऊन बसलं, आणि स्कॉटलंडातली थंडीनं नाक लाल झालेली माणसं करजगावच्या चित्पावनाची भक्ती आपल्या चालीत गाऊ लागली. आता तिकडे कोण अडखळत असेल, आणि कुठल्या अक्षरावर, ते त्यांचं त्यांना ठाऊक. इकडे मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात टिळकांची गाणी मात्र पानोपानी आहेत, आणि ती रविवारी गायली जातात. पुस्तक बघायचं नाही, डोळे मिटायचे आणि सुरू.

पुतणीनं ॲमी ग्रँट बाजूला ठेवून मोबाईलवर टिळक शोधले. पहिली चाळीस चित्रं पगडीची आली.

यावरून आमच्या मातोश्रींची गोष्ट आठवली. त्या होत्या तेव्हाची. मास्तरांकडच्या त्या भजनानंतर एक अभंग माझ्या बोटांत राहिला होता. मी तो घरी पेटीवर घोळवायचो, आणि ऐकून ऐकून आमच्या हिला पाठ झाला. तांदूळ निवडताना ती तो गुणगुणायची. मातोश्री जपमाळ घेऊन पलीकडे बसलेल्या. त्यांना ऐकायला जरा कमी येई. शब्द पोचायचे नाहीत, पण चाल बरोबर पोचायची. चार-पाच दिवस त्यांनी मान डोलावून ऐकलं. मग एका एकादशीला न राहवून विचारलं, "सूनबाई, गोड आहे गं. कुणाचा अभंग?"

ही जरा घुटमळली. मग मोठ्यानं म्हणाली, "टिळकांचा!"

मातोश्रींची माळ थांबली. त्यांनी थोडा विचार केला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "मंडालेला सहा वर्षं होते. तिथे वेळ मिळाला असेल."